शेवटचे दोन मैल: ब्लूबेल रेल्वे ईस्ट ग्रिन्स्टेडला कशी परतली

15 मार्च 1959 रोजी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या हेवर्ड्स हीथ इथे काही रेल्वेप्रेमींची सभा झाली. त्यात तरुण विद्यार्थी पुढे होते. वर्षभरापूर्वी बंद पडलेली लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड ही रेल्वे पुन्हा सुरू करायची, असं त्यांनी ठरवलं आणि संस्थेला नाव दिलं ‘लुईस अँड ईस्ट ग्रिन्स्टेड रेल्वे प्रिझर्वेशन सोसायटी’. दोन्ही टोकांची शहरं नावातच होती. संपूर्ण मार्ग ताब्यात घेऊन त्यावर रोजच्या प्रवाशांसाठी गाडी चालवावी, असा त्यांचा पहिला विचार होता. प्रत्यक्षात हाती आला तो मधला तुकडा, शेफिल्ड पार्क ते हॉर्स्टेड केन्स, सुमारे पाच मैलांचा. त्यावर जी गाडी सुरू झाली ती ब्लूबेल रेल्वे. दोन्ही शहरं बाहेरच राहिली. त्यांपैकी ईस्ट ग्रिन्स्टेडला वाफेची गाडी पोहोचली ती 23 मार्च 2013 रोजी, म्हणजे सभेनंतर 54 वर्षांनी.

वारसा रेल्वे, म्हणजे बंद पडलेल्या मार्गावर रेल्वेप्रेमींनी जपून चालवलेली रेल्वे, बहुतेक ठिकाणी अशीच मधल्या तुकड्यावर का जगते आणि तिला शेजारच्या शहरात परत न्यायला इतकी वर्षं का लागतात, हे या एका मार्गाच्या इतिहासातून जितकं नीट समजतं तितकं क्वचितच कुठून समजत असेल.

हा मार्ग 1 ऑगस्ट 1882 रोजी सुरू झाला. रेल्वे व्हावी म्हणून खटपट केली ती आसपासच्या जमीनदारांनी. त्यांच्यात शेफिल्डचे अर्ल होते, आणि त्यांच्या इस्टेटीवरूनच शेफिल्ड पार्क स्थानकाला नाव मिळालं. शेतं, जंगलं आणि छोटी गावं यांच्यातून जाणाऱ्या या मार्गावर गर्दी अशी कधी नव्हतीच. अनेक स्थानकं गावापासून लांब होती. मोटारी आणि बसगाड्या वाढल्या तशी उरलीसुरली प्रवासीसंख्याही ओसरली आणि 1955 मध्ये ब्रिटिश रेल्वेने मार्ग बंद केला. त्या वेळच्या रेल्वे संपामुळे शेवटची गाडी ठरल्या दिवसाच्याही आधी, मे महिन्याच्या अखेरीस धावली.

इथे एक विलक्षण गोष्ट घडली. चेली गावात राहणाऱ्या मॅज बेसेमर यांनी रेल्वेच्या स्थापनेचा जुना कायदा मिळवून वाचून काढला. पोलाद बनवण्याच्या प्रक्रियेमुळे जगभर माहीत असलेल्या हेन्री बेसेमर यांची ही नात. 1877 च्या त्या कायद्यात ठरावीक स्थानकांवर रोज चार गाड्या थांबल्याच पाहिजेत, असं कलम होतं. संसदेने केलेला कायदा संसदेनेच बदलेपर्यंत ब्रिटिश रेल्वेला गाड्या बंद करण्याचा अधिकारच नव्हता. त्यामुळे 7 ऑगस्ट 1956 रोजी गाडी पुन्हा धावू लागली. रेल्वेने मात्र कायद्यातल्या शब्दांपलीकडे एक पाऊलही टाकलं नाही. बहुधा एकच डबा, वेळा गैरसोयीच्या, आणि बारकोम व किंग्सकोट ही दोन स्थानकं कायद्यात नमूद नसल्यामुळे तिथे थांबा नाही. लोकांनी या सेवेला ‘रुसकी सेवा’ अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. पुढे संसदेकडून कलम रद्द करून घेण्यात आलं आणि मार्च 1958 मध्ये मार्ग कायमचा बंद झाला.

बेसेमरबाईंनी मिळवून दिलेली ही दीड-दोन वर्षं मला फार मोलाची वाटतात. त्या काळात हा आडबाजूचा मार्ग वर्तमानपत्रांमुळे देशभर ठाऊक झाला. तो 1955 मध्येच गुपचूप संपला असता, तर 1959 ची सभा भरली असती का, याची मला शंका आहे. तोट्यातले मार्ग बंद करा असं सुचवणारा बिचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल आला 1963 मध्ये आणि त्यानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद झाले. हा मार्ग त्याआधीच गेला होता आणि त्याआधीच परतूही लागला होता.

7 ऑगस्ट 1960 रोजी संस्थेची पहिली गाडी निघाली. तारीख बेसेमरबाईंच्या गाडीचीच होती. ‘स्टेपनी’ नावाचं 1875 सालचं छोटंसं इंजिन संस्थेने विकत घेतलं होतं. हॉर्स्टेड केन्स स्थानक तेव्हाही ब्रिटिश रेल्वेकडेच होतं, त्यामुळे सुरुवातीला गाडी स्थानकात न जाता जरा अलीकडे थांबायची. मग तिथे प्रवेश मिळाला, आणि फलाटावर उतरून हेवर्ड्स हीथकडे जाणारी विजेची गाडी पकडता येऊ लागली. ती सोय 1963 च्या ऑक्टोबरपर्यंतच टिकली. ऑर्डिंगलीमार्गे जाणारी ती शाखा बंद झाली आणि ब्लूबेल रेल्वेचा देशाच्या रेल्वेजाळ्याशी असलेला शेवटचा सांधा निखळला. यापुढे प्रत्येक इंजिन, प्रत्येक डबा मोठ्या ट्रेलरवर लादून रस्त्याने आणावा लागणार होता.

मार्ग बंद होतो तेव्हा रूळ भंगारात जातात, देखभालीचा खर्च नको म्हणून पूल उतरवले जातात आणि जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली जाते. खेड्यातल्या पट्टीवर झाडोरा माजतो, नाहीतर ती लगतच्या शेतात मिसळते. ती पट्टी निदान ओळखू तरी येते. शहरात मात्र स्थानकाची जागा म्हणजे मोक्याची सपाट जमीन. तिच्यावर घरं, दुकानं, वाहनतळ, वळणरस्ते उभे राहतात. म्हणून रेल्वेचं शहराकडचं टोक आधी जातं आणि परत मिळवताना तेच सगळ्यात महाग पडतं. रूळ पुन्हा टाकता येतात. विकलेली जमीन एकेका मालकाकडे जाऊन, त्याच्या मर्जीने आणि त्याच्या सवडीने मिळवावी लागते.

ईस्ट ग्रिन्स्टेडच्या बाबतीत एक गोष्ट बरी होती. लंडनहून येणारी मुख्य मार्गावरची गाडी तिथे येतच राहिली, पुढे 1987 मध्ये तिचं विद्युतीकरणही झालं. म्हणजे उत्तरेकडे जाऊ शकलो तर तिकडे स्थानक जिवंत सापडेल, याची खात्री होती. पण मधला रस्ता साफ पुसला गेला होता. हॉर्स्टेड केन्सच्या उत्तरेचे रूळ साठच्या दशकात उखडले गेले. वेस्ट होथलाय स्थानक पाडलं गेलं. किंग्सकोटची इमारत वाचली ती राहतं घर झाल्यामुळे.

1974 मध्ये संस्थेने वेस्ट होथलाय स्थानकाची मोकळी जागा घेतली. तिथे जायला रूळ नव्हते, परवानगी नव्हती, पैसेही नव्हते. तरी आधी जमीन घ्यावी ही त्या लोकांची दूरदृष्टी मला पुढच्या सगळ्या बांधकामापेक्षा मोठी वाटते. विस्ताराला विरोधही झाला. ज्यांच्या शेतातून किंवा घरामागून गाडी पुन्हा धावणार होती, त्यांच्या हरकतींना वजन होतं. 1983 मध्ये जाहीर चौकशी झाली आणि 1985 मध्ये सरकारने परवानगी दिली. त्याच वर्षी किंग्सकोट विकत घेतलं गेलं. मग काम थोडं वेगाने सरकलं. 668 मीटर लांबीच्या, सतत पाणी झिरपणाऱ्या शार्पथॉर्न बोगद्यातून 1992 मध्ये गाडी पलीकडे गेली आणि 23 एप्रिल 1994 रोजी किंग्सकोटला पोहोचली.

किंग्सकोटला पोहोचली खरी, पण तिथे फारसं गाव नाही. अरुंद गल्लीवजा रस्ते आहेत, आणि परवानगीची एक अटच अशी होती की प्रवाशांनी मोटारी घेऊन तिथे यायचं नाही. त्यामुळे ईस्ट ग्रिन्स्टेडहून बसने माणसं आणून गाडीत बसवावी लागत. पुढचं शहर अवघ्या दोन मैलांवर होतं. ते दोन मैल ओलांडायला 19 वर्षं लागली.

अडथळा होता कचऱ्याचा. शहराच्या वेशीवर, इम्बरहॉर्न इथे रेल्वेने टेकडी कापून खोल खिंड तयार केली होती. मार्ग बंद झाल्यावर ती स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात गेली आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं शहराचा घरगुती कचरा तिच्यात टाकला गेला. सुमारे अर्धा किलोमीटरची खिंड काठोकाठ भरली, वर चिकणमाती पसरून बंद केली गेली, गवत उगवलं. वरून पाहणाऱ्याला खाली रेल्वेमार्ग आहे याचा पत्ताही लागू नये. त्यापलीकडचा इम्बरहॉर्नचा उंच कमानीपूल मात्र उभा होता, आणि 1992 मध्ये तो ब्रिटिश रेल्वेने संस्थेला दिला. म्हणजे अलीकडे किंग्सकोट होतं, पलीकडे पूल आणि स्थानक होतं, आणि मध्ये शहराच्या एका पिढीचा कचरा होता.

तो फावड्याने उपसून बाजूला टाकण्यासारखा नव्हता. कचरा एकदा उघडला की त्यातून वायू येतात, दूषित पाणी झिरपतं. तो हलवायचा तर परवानाधारक कचराभूमीतच न्यावा लागतो. ब्रिटनमध्ये 1996 पासून कचराभूमीत टाकल्या जाणाऱ्या प्रत्येक टनावर कर आहे. 2011-12 मध्ये त्याचा दर टनाला 56 पौंड होता आणि पुढच्या वर्षी तो 64 पौंड होणार होता. दूषित जमीन साफ करणाऱ्यांना या करातून सूट मिळत असे, पण ती सूट 31 मार्च 2012 नंतर संपणार होती. त्या तारखेनंतर उरलेला कचरा काढणं संस्थेच्या आवाक्यात राहिलं नसतं.

2008 च्या अखेरीस उपसा सुरू झाला, तेव्हा ट्रक वापरले गेले. ट्रकने शहरातून कचरा नेणं महागही होतं आणि रहिवाशांना त्रासदायकही. तोवर ईस्ट ग्रिन्स्टेडकडून पुलावरून खिंडीच्या तोंडापर्यंत रूळ आले होते आणि ते मुख्य मार्गाला जोडलेले होते. 2010 च्या जुलैपासून मालगाड्या त्या रुळांवरून थेट खिंडीपर्यंत येऊ लागल्या आणि कचरा भरून दूरच्या कचराभूमीकडे जाऊ लागल्या. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत आवडणारा भाग हा आहे: रेल्वेची वाट बुजवणारा कचरा शेवटी रेल्वेनेच वाहून नेला. पैशांसाठी ‘टेनर फॉर द टिप’ ही मोहीम चालली, म्हणजे कचऱ्याच्या ढिगासाठी दहा पौंड द्या. असंख्य लोकांनी ते दिले. सगळा कचरा काढला गेला नाही. गाडी जाण्यापुरती वाट मोकळी केली, बाकीचा उतारांना नीट आकार देऊन तिथेच बंदिस्त केला.

23 मार्च 2013 ला बर्फ पडत असताना पहिली प्रवासी गाडी ईस्ट ग्रिन्स्टेडहून निघाली. मार्ग आता 11 मैलांचा झाला. राष्ट्रीय रेल्वेच्या स्थानकाशेजारीच ब्लूबेलचा फलाट आहे. लंडनहून आलेला माणूस गाडीतून उतरून काही पावलं चालतो आणि वाफेच्या गाडीत बसतो. त्याला मोटारीची गरज नाही. विस्तार सुरू झाल्याच्या आठवड्यातच लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून एक खास गाडी थेट या मार्गावर आली. 1963 पासून तुटलेला सांधा जुळल्याची खूण म्हणून त्या गाडीचं महत्त्व मोठं होतं. दुसरी जुनी जखम, हेवर्ड्स हीथकडची ऑर्डिंगली शाखा, अजून तशीच आहे. तिकडचा एक मोठा पूल पाडला गेला आहे.

इतरत्र अडथळ्याचं रूप वेगळं आहे, पण दुखणं हेच. कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेने 1968 मध्ये सुरुवातच कीथली शहरातल्या मुख्य मार्गाच्या स्थानकातून केली, त्यामुळे तिला ही वणवण करावी लागली नाही. वेल्समध्ये वेल्श हायलँड रेल्वे 2011 मध्ये पोर्थमदोगला पोहोचली, तीही गावातल्या पुलावरून, मोटारींच्या रस्त्यातूनच. लँगोलेनची गाडी 2014 मध्ये कॉर्वेनच्या वेशीवरच्या तात्पुरत्या फलाटापर्यंत आली, मधल्या काळात चालवणारी कंपनी कर्जाखाली बुडाली, तरी स्वयंसेवकांनी काम सोडलं नाही आणि 2023 मध्ये गाडी गावात आली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्वानेजचे रूळ 1972 च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत उखडले गेले होते. ते पुन्हा टाकून मुख्य मार्गावरच्या वेअरहॅमपर्यंत प्रायोगिक सेवा 2017 मध्ये आणि नंतर 2023 मध्ये चालली. रूळ जोडलेले आहेत. रोजची सेवा परवडेल कशी हा तिथला प्रश्न आहे.

सर्वांत कठीण प्रकरण केंट अँड ईस्ट ससेक्स रेल्वेचं. 1900 मध्ये ‘रॉदर व्हॅली’ या नावाने सुरू झालेला हा हलक्या बांधणीचा मार्ग रॉबर्ट्सब्रिज इथे मुख्य मार्गाला मिळत असे. 1967 मध्ये वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांच्या खात्याने तो पुनरुज्जीवनासाठी द्यायला नकार दिला. मोठ्या रस्त्यांवरची रेल्वे फाटकं हे त्यामागचं मुख्य कारण होतं. तडजोड म्हणून रॉबर्ट्सब्रिजकडचा भाग सोडून द्यावा लागला. 1974 मध्ये टेंटरडेनकडून सुरुवात झाली, 1990 मध्ये नॉर्थियम आणि 2000 मध्ये बोडियम गाठलं. रॉबर्ट्सब्रिज काही मैलांवर आलं, पण आता मध्ये शेतं होती, त्यांचे मालक जमीन द्यायला तयार नव्हते, आणि ए-21 हा वर्दळीचा रस्ता ओलांडायचा होता. ब्रिटनमध्ये रेल्वे सुरक्षा नियामकाचं धोरणच असं आहे की अपवादात्मक परिस्थितीशिवाय नवं फाटक नको. जुन्या नावाने स्थापन झालेल्या रॉदर व्हॅली रेल्वे या संस्थेने 2018 मध्ये सक्तीच्या भूसंपादनासह परवानगी मागितली, 2021 मध्ये जाहीर चौकशी झाली आणि 2023 मध्ये मंजुरी मिळाली.

मालकांची बाजू मला क्षुल्लक वाटत नाही. सहलीच्या गाडीसाठी चालत्या शेताचे दोन तुकडे करावेत का, हा प्रश्न रास्त आहे, आणि रेल्वेवर माझं कितीही प्रेम असलं तरी त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मंजुरीच्या बाजूने तोललं गेलं ते शहर आणि मुख्य मार्ग जोडल्याने मोटारीविना येणाऱ्या प्रवाशांचा आणि परिसराचा होणारा फायदा. रॉबर्ट्सब्रिजला मुख्य मार्गालगत संस्थेने लांब फलाट आधीच बांधून ठेवला आहे. बोडियमकडूनही थोडे रूळ पुढे टाकलेले आहेत. मधली शेतं तेवढी बाकी आहेत.