युद्धकाळातला रुपया: डाग कुठला, किंमत किती

ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचा रुपया काळा-तांबूस पडला की लोक त्याला खोटा ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा तो खराच असतो. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासली म्हणून १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. नाण्यात ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. डाग पडतात ते या तांब्यामुळे. मिश्रधातू नीट एकजीव झाला नसेल तर पापुद्राही सुटतो. नाणं पाडायच्या ठशाला गेलेला तडा नाण्यावर उंच रेघ म्हणून उमटतो. ओरखडा मात्र खोल असतो. तिरप्या उजेडात धरलं की फरक लगेच कळतो. असे टाकसाळीतले दोष आम्ही नाणी विकत घेणारे फारसे मनावर घेत नाही.

भाव पडतो तो माणसाच्या करणीने. माळेत ओवायला लावलेलं कडं काढलं, तरी टाक्याच्या जागी कडेचे दाते भरलेले दिसतात. चिंच, राख, टूथपेस्ट लावून घासलेल्या रुपयावर भिंगाखाली बारीक रेघांचं जाळं दिसतं. असे रुपये मोडीच्या भावात जातात. तेव्हा आमच्याकडे विकायला आणण्याआधी कृपया घासू नका, अगदी 'थोडंसं'सुद्धा नाही.

घरी काय पाहाल? वजन ११.६६ ग्रॅम, व्यास ३०.५ मिमी. १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयाला दातेरी कडेच्या मधोमध खाच असते. १९४७ चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, त्यात चांदी नाही.

शंका राहिली तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा १.२२ च्या आसपास दाखवील तर ५० टक्के चांदी, १.१३ तर जुनी ९१.७ टक्केवाली. बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो.

५० टक्केवाल्या रुपयात ५.८३ ग्रॅम चांदी भरते. तिला पुण्याच्या सराफीतला, सोन्या मारुती चौकातला त्या दिवशीचा भाव लावा, तो झाला किमतीचा तळ. त्यावर किती चढेल हे छाप किती शाबूत आहे आणि साल-टाकसाळ कोणती यावर. खालच्या फुलापाशी 'एल' अक्षर दिसलं तर लाहोर.

१९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणूनच नकलाही त्याच्याच फार. शेवटच्या ९ भोवती खरवडल्याच्या खुणा आहेत का पाहा आणि तो फोटोवरून विकू नका. समोर आणून तपासून घ्या.