बारा सागरी मैल आणि पर्ससीन जाळं

माशांचा थवा वेढून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यावर राज्य सरकारला बंदी घालता येते का? भारतात याचं उत्तर बोट किनाऱ्यापासून किती लांब आहे, यावर ठरतं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतील नोंद 21 मत्स्यव्यवसाय राज्यांकडे सोपवते, तर संघ सूचीतील नोंद 57 प्रादेशिक जलधीपलीकडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रपट्ट्याबाहेरची, मासेमारी केंद्राकडे. ही हद्द 12 सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरवर येते. मासळी अर्थातच ती पाळत नाही.

जाळं कसं चालतं ते आधी पाहायला हवं. थवा दिसला की बोट जाळं सोडत त्याच्याभोवती गोल फिरते. वरच्या कडेला तरंगे, खालच्या कडेला शिसे आणि कड्या असतात. कड्यांतून ओवलेला दोर विंचने ओढला की तळ बटव्यासारखा आवळतो. तोवर मासे खालून निसटू शकतात. उथळ पाण्यात मात्र जाळ्याची उंची खोलीपेक्षा जास्त भरते, शिशाची कड तळाला टेकते आणि ती वाट बंद होते. तळाचे जीवही सापडतात. खाली खडक असला तर जाळं फाटतं. किनाऱ्याजवळच्या बंदीमागचं एक भक्कम शास्त्रीय कारण हेच.

जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार वाढवून सगळं सुटत नाही. आवळलेल्या गर्दीत बरीचशी लहान मासळी आसापर्यंत पोहोचतच नाही. केरळमध्ये तारलीची किमान वैध लांबी 10 सेंटीमीटर आणि बांगड्याची 14 आहे, पण वेढा घालण्याआधी मासे मोजणार कसे? आणि दाटीत दमलेले मासे परत सोडले तरी जगतीलच असं नाही. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खरा आहे: तारली, बांगडा बहुधा एकाच जातीचे, जवळपास एकाच आकाराचे थवे करतात, त्यामुळे तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यापेक्षा इतर जीव कमी अडकतात.

केरळने 1984 मध्ये आपल्या प्रादेशिक जलधीत पर्ससीन आणि त्याच प्रकारचं रिंगसीन जाळं बंद केलं. व्यवसायाच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद 19(1)(छ) चा आधार घेऊन त्याला आव्हान दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये बंदी वैध ठरवली: पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका जपणं हा अनुच्छेद 19(6) खाली वाजवी निर्बंध आहे.

तामिळनाडूच्या फेब्रुवारी 2022 च्या बंदीत पेच वेगळा होता. हद्दीपलीकडे जाळं टाकायचं, तरी बोट राज्याच्याच बंदरातून निघणार आणि तिथेच परतणार. सर्वोच्च न्यायालयाने 24 जानेवारी 2023 रोजी अंतरिम परवानगी दिली: फक्त 12 सागरी मैलांपलीकडे, फक्त सोमवार आणि गुरुवार, सकाळी 8 ला किंवा नंतर निघून संध्याकाळी 6 पर्यंत परत, बोटीवर मागोवा यंत्र बसवून. 8 नॉट (ताशी 8 सागरी मैल) वेगाच्या बोटीला हद्द गाठायलाच दीड तास लागतो. येण्याजाण्याचे तीन तास वजा केले की थवा शोधणं, वेढणं, जाळं ओढणं हे सगळं सात तासांत.

अशा खटल्यांत पुरावा कमी पडतो तो नेमका ठिकाणाचा. बंदरावर उतरलेली मासळी मोजली जाते, पण ती कुठे पकडली हे त्या आकड्यात नसतं. म्हणून प्रत्येक वेढ्याची जागा, तिथली खोली, जाळ्याची उंची आणि मासळीची लांबी एकत्र नोंदवली जायला हवी. मागोवा यंत्र यातली फक्त पहिली गोष्ट देतं.