डोरेमॉन आणि शिनचॅन: एकाच माळेचे मणी नव्हेत

‘ही जपानी कार्टून मुलांना बिघडवतात’ हे वाक्य मी शाळेच्या फाटकापाशी, सोसायटीच्या बागेत आणि बारशाच्या पंगतीत इतक्या वेळा ऐकले आहे की आता वाद घालण्याचा उत्साहही उरलेला नाही. माझे भांडण ‘बिघडवतात’ या क्रियापदाशी फारसे नाही. ते ‘ही’ या सर्वनामाशी आहे. या एका ‘ही’मध्ये डोरेमॉन आणि शिनचॅन यांची एकत्र मोट बांधली जाते, आणि मग डोरेमॉनमधल्या नोबिता या मुलाच्या आळसाचा दोष शिनचॅनच्या माथी आणि शिनचॅनच्या उर्मटपणाचा दोष डोरेमॉन या बिचाऱ्या निळ्या मांजराच्या माथी मारला जातो.

गोंधळ होण्यास कारण आहे, हे मान्य करायला हवे. दोन्ही मालिका शिन-एई या एकाच ॲनिमेशन संस्थेने केल्या, जपानमध्ये त्या टीव्ही असाही या एकाच वाहिनीवर दाखवल्या जातात आणि आपल्याकडे दोन्ही हंगामा वाहिनीवर हिंदीतून घराघरांत आल्या. डोरेमॉन बहुतेक पालकांना ठाऊकच आहे: बाविसाव्या शतकातून आलेले यंत्रमांजर, पोटावरची पिशवी, तिच्यातून निघणारी गॅजेट, डोराकेक, रडका नोबिता, दांडगट जियान. चित्रांच्या शैलीतील फरक सांगत बसण्यातही अर्थ नाही, तो चार वर्षांच्या मुलालाही दिसतो.

खरा फरक हा आहे की या दोन गोष्टी मुळात कोणाला सांगितल्या गेल्या. फुजिको एफ. फुजिओ यांचा डोरेमॉन चित्रकथेच्या रूपात १९६९ च्या अखेरीस शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मासिकांतून सुरू झाला. ही मासिके इयत्तावार निघत, म्हणजे बालवाडीच्या मुलांसाठी वेगळे आणि चौथीच्या मुलांसाठी वेगळे. कोणत्या वयाचे मूल पान उलटणार आहे हे लेखकाला आधीच ठाऊक होते. योशितो उसुई यांचा शिनचॅन मात्र १९९० मध्ये ‘वीकली मांगा ॲक्शन’ या साप्ताहिकात आला, आणि ते प्रौढ वाचकांचे साप्ताहिक होते. कामावरून दमून परतणाऱ्या माणसाला हसवण्यासाठी लिहिलेली ती गोष्ट होती. १९९२ मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका झाली, मुलांनी ती डोक्यावर घेतली, आणि तेव्हापासून एक पाच वर्षांचा मुलगा नायक आहे एवढ्यावरून सगळे जग तिला बालमालिका समजत आले. नायक मूल असले म्हणजे गोष्ट मुलांची होते, या समजुतीइतकी चिवट समजूत मी दुसरी पाहिलेली नाही.

या उगमाचा परिणाम प्रत्येक भागात दिसतो. डोरेमॉनमध्ये आपण मुलाच्या उंचीवरून जगाकडे पाहतो. नोबिताला काहीतरी हवे असते, गॅजेट मिळते, पहिली पाच मिनिटे चैन होते, मग हाव सुटते आणि तेच गॅजेट अंगावर उलटते. पाठांतराच्या ब्रेडची गोष्ट आठवा: पुस्तकाचे पान त्यावर उमटवून ब्रेड खाल्ला की पान पाठ होते. नोबिता परीक्षेपूर्वी इतका ब्रेड खातो की पोट बिघडते आणि पाठांतर पोटाबरोबरच रिकामे होते. ‘डोरेमॉनमुळे मुलांना आयते मिळण्याची सवय लागते’ असे म्हणणाऱ्यांनी एकही भाग शेवटपर्यंत पाहिलेला नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिनचॅनमध्ये नजर उलटी असते. तेथे मूल हे आरशाचे काम करते आणि आरशात मोठी माणसे दिसतात. हिंदीत हॅरी झालेले त्याचे वडील टोकियोजवळच्या कासुकाबे गावातून रोज गाडीच्या गर्दीतून कचेरीत जातात, त्यांच्या मोज्यांचा वास प्रसिद्ध आहे, पगार बायकोच्या हाती जातो आणि त्यांना महिन्याचा खाऊखर्च मोजून मिळतो. हिंदीत मित्सी झालेली आई सेलच्या पाटीकडे धावते, वजनाचे संकल्प करते आणि दुपारी लवंडते. घराच्या कर्जाचे अजून बत्तीस वर्षांचे हप्ते बाकी आहेत, हा या मालिकेतला नेहमीचा विनोद आहे, आणि तो पाच वर्षांच्या प्रेक्षकासाठी लिहिलेला असणे शक्य नाही. आई दारात आलेल्या बाईंशी गोड आवाजात बोलत असते, आणि तिने थोड्या वेळापूर्वी घरात जे म्हटले ते शिनचॅन मागून मोठ्याने सांगून टाकतो. येथे कोणाचे गॅजेट उलटत नाही, मोठ्यांचे ढोंग उघडे पडते. आणि मुलाला टपली बसते ती खोटे बोलल्याबद्दल नव्हे, तर खरे बोलल्याबद्दल.

मूळ जपानीतला एक लहानसा विनोद यासाठी पाहण्यासारखा आहे. जपानी माणूस घरात शिरताना ‘आलो’ अशा अर्थाचे ठरलेले शब्द उच्चारतो, आणि घरातले ‘आलास का’ अशा अर्थाचे उत्तर देतात. शिनचॅन स्वतःच घरात येऊन ‘आलास का’ म्हणतो आणि आई दरवेळी चिडून दुरुस्त करते. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे, हे ज्यांनी आपल्या मुलांना शंभरदा शिकवले आहे, त्यांना त्या आईचा चेहरा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता ‘बिघडण्या’विषयी. नोबिताचे अनुकरण करणे मुलाला शक्यच नसते, कारण त्याला डोक्यावर लावून उडायचा बॅम्बू कॉप्टर मिळणार नसतो. शिनचॅनच्या अनुकरणासाठी मात्र फक्त जीभ लागते, आणि ती प्रत्येक घरात असते. जपानमधल्या पालक-शिक्षक संघटनेच्या पाहण्यांत ‘मुलांना दाखवावेसे वाटत नाही’ अशा कार्यक्रमांत तो अनेक वर्षे वरच्या क्रमांकावर राहिला. आपल्याकडे २००८ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी काटछाट होऊन तो परतला. ही काळजी निराधार नव्हती. चूक एवढीच, की त्या काळजीत डोरेमॉनलाही ओढले गेले. (नोबिता कोमात होता किंवा शिनचॅन नावाचा मुलगा अपघातात गेला, या व्हॉट्सॲपवरच्या कथांविषयी एवढेच सांगतो की दोन्ही थापा आहेत, आणि त्या पुढे पाठवणाऱ्या सज्ञान माणसांविषयी मला नोबितापेक्षा जास्त चिंता वाटते.)

म्हणून आमच्या घरी नियम वेगवेगळे आहेत. डोरेमॉन मुलीने एकटीने पाहिला तरी चालतो. शिनचॅन मात्र मी शेजारी बसल्याशिवाय लागत नाही, आणि त्यामागे पहारा देणे हे निम्मेच कारण आहे. खरे सांगायचे तर मला तोच जास्त आवडतो. डोरेमॉन पाहताना मी तिच्या आनंदात आनंद मानतो. शिनचॅन पाहताना माझा स्वतःचा आनंद असतो. अपवाद एकच, नोबिता टाइम मशीनमधून आपल्या वारलेल्या आजीला भेटायला जातो त्या गोष्टीचा. नातवाला दप्तर घेऊन शाळेत जाताना एकदा पाहावे, अशी तिची इच्छा असते. तो धावत घरी जाऊन दप्तर पाठीला लावून येतो, आणि एवढा मोठा मुलगा हाच आपला नोबिता, यावर ती क्षणाचीही शंका न घेता विश्वास ठेवते. तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो होतो.

शिनचॅन पाहताना आम्ही दोघे एकाच वेळी क्वचित हसतो. ती शिनचॅनच्या नाचावर हसते, मी हप्त्यांवर. परवा तिने टीव्ही थांबवून विचारले, ‘‘बाबा, बत्तीस वर्षं ऐकून तू का हसलास?’’ मी म्हणालो की तो आकडाच गमतीशीर आहे. आमच्या घराचे अजून सतरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत, हे मी तिला सांगितले नाही; उद्या कोणा पाहुण्यांसमोर ती ते सांगून टाकील.