पानगळीच्या गोणीत काय नसतं

फेब्रुवारी सरत आला की पुण्यातल्या गल्ल्यांमधून सकाळी खराट्याचा आवाज वाढतो. पिंपळ, कडुनिंब, देशी बदाम अशी झाडं एकामागून एक पानं टाकू लागतात आणि कालच झाडलेला रस्ता आज पुन्हा भरलेला दिसतो. आपल्याकडचा वसंत असाच येतो, आधी पाचोळा आणि लगेच त्यामागे पालवी. थंड देशांतली झाडं हिवाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात. आपली गाळतात ती मुख्यतः पाण्यासाठी. पानांवाटे उडून जाणारी वाफ थांबली, की उरलेला ओलावा खोडात साठतो आणि त्याच्याच जोरावर भर उन्हात, पावसाच्या कितीतरी आधी, नवे कोंब फुटतात.

आमच्या भागातल्या बागप्रेमींचा गट याच दिवसांत सगळ्यात जास्त कामात असतो. रविवारी सकाळी गोण्या घेऊन सगळे जमतात. कुणी गच्चीवर भाजी लावणारं, कुणाच्या खिडकीत चारच कुंड्या. पाचोळा गोण्यांत भरायचा, भेंडी, गवार, काकडीचं घरचं बी एकमेकांना द्यायचं आणि अडचणी बोलायच्या. मी या गटात आले ते माझी रोपं पिवळी पडली म्हणून. वाळलेली पानं हाताने चुरून मी कुंडीतल्या मातीत चांगली कालवली होती. खत होईल, अशी समजूत. तीन आठवड्यांत मिरचीची खालची पानं फिकट होत पार पिवळी झाली.

कारण कळलं तेव्हा मला झाडाचं फार कौतुक वाटलं. पान टाकण्याआधी झाड त्यातला बराचसा माल परत घेतं. हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडली जातात, त्यातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) देठातून फांदीत ओढून घेतलं जातं. साधारण निम्मं नत्र असं परत जातं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि वाऱ्याच्या झुळकीनेही पान सुटतं. आपल्या हाती येतं ते बहुतांशी कर्ब (कार्बन), म्हणजे पानाचा सांगाडा घडवणारं सेल्युलोज आणि चिवट लिग्निन.

पाचोळा कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब लागतो तसंच नत्रही लागतं. साधारण २५ ते ३० भाग कर्बामागे एक भाग नत्र असलं की त्यांचं काम झपाट्याने चालतं. वाळक्या पानांत हे प्रमाण बहुतेक वेळा ५०च्या वर असतं. कमी पडलेलं नत्र जिवाणू शेजारच्या मातीतून उचलतात. माझ्या मिरचीच्या तोंडचा घास त्यांनीच घेतला होता. हीच पानं मातीत न कालवता वर आच्छादन म्हणून पसरली असती, तर उलट ओल टिकली असती आणि मुळांना ऊन लागलं नसतं. चैत्र-वैशाखात कुंड्यांना याहून चांगलं पांघरूण नाही.

खत करायचं तर नत्र आपण द्यायचं. शेणाचा काला, भाजीची देठं-सालं, गवताची हिरवी कापणी, यांतलं काहीही चालतं. आम्ही पाचोळ्याचा एक थर, त्यावर ओल्या कचऱ्याचा पातळ थर असं रचत जातो. ढीग निदान तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर आतली ऊब बाहेर निसटते. ओल किती हवी, ते मुठीवर कळतं. मूठभर माल घट्ट दाबला, की बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत, धार लागू नये.

चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवतो. दहा मिनिटांनी ओढली, की टोक हातात धरवत नाही. आत ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान झालेलं असतं, आणि ही सगळी धग उष्णताप्रेमी जिवाणूंच्या खाण्यापिण्यातून आलेली. एवढ्या उष्णतेत तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. ढीग पलटला की वाफ उठते. पावसाने भिजलेल्या रानासारखा वास आला तर समजावं, आत हवा खेळते आहे. आंबूस घाण आली तर ओल जास्त झाली. कोरडा पाचोळा घालून पुन्हा पलटायचं.

हाच पाचोळा अजूनही कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली, ५,००० रुपये दंडही ठरवला. तरी सकाळच्या धुरात शाळेला निघालेली मुलं खोकत जातात.

ढीग मेअखेर उघडतो, पावसाळी लागवडीच्या आधी. कडुनिंबाची बारीक पानं तोवर पार मातीत मिसळलेली असतात. पिंपळाच्या पानांची जाळी मात्र ओळखू येते, बदामाचे जाड देठही तसेच असतात, कारण लिग्निन कुजवणं हे मुख्यतः बुरशीचं काम आणि ते सावकाशीनेच होतं. चाळणीवर राहिलेला हा भरड माल आम्ही एका गोणीत बांधून ठेवतो. पांढऱ्या बुरशीचे धागे त्याला चिकटलेले असतात. पुढच्या फाल्गुनात नव्या ढिगाला तेच विरजण.