घाटात आवाज कुठवर पोचतो: ट्रॉली ओढणाऱ्यांसाठी वॉकीटॉकीची पार्श्वभूमी

इंदूरहून धुळ्याकडे निघालं की महू, मानपूर मागे पडतं, माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरू लागतो. राऊ-खलघाट टप्प्यातला गणपती घाट ब्रेक निकामी होण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट. गाडीमागे कॅम्पिंगची ट्रॉली किंवा मोटरसायकलींचा ट्रेलर असेल आणि सोबत दुसरी गाडी असेल, तर एकमेकांशी बोलायची खरी गरज याच उतारांवर पडते. डोंगराआड मोबाइलची रेंज गेली की पंचाईत. तेव्हा वॉकीटॉकी घ्यावी का? इतर देशांतल्या प्रवाशांचा अनुभव ऐकून आपल्याकडे सेट घेतले जातात आणि निराशा पदरी येते. त्याचं कारण या यंत्राच्या इतिहासात आहे.

अमेरिकेत 1958 मध्ये 27 मेगाहर्ट्झच्या आसपास 23 चॅनेल सामान्य नागरिकांसाठी खुली झाली. हाच सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी. पंधरा वर्षं तो मुख्यतः छोटे धंदेवाले आणि हौशी मंडळींपुरताच राहिला. 1973 च्या तेलटंचाईत डिझेल मिळेना, त्यात 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे साधारण 88 किलोमीटरची वेगमर्यादा आली. डिझेल कुठे आहे, पोलीस कुठे उभे आहेत, हे ट्रकवाले एकमेकांना रेडिओवर सांगू लागले. मागणी इतकी वाढली की 1977 मध्ये चॅनेलं 40 करावी लागली. 19 नंबर हमरस्त्याचा ठरला, 9 नंबर अडीनडीसाठी. ट्रेलर ओढणाऱ्या कुटुंबांनीही तोच सेट डॅशबोर्डवर लावला, कारण ट्रेलरचं मागचं टायर बसलंय हे मागून येणारा ट्रकवाला आधी पाहतो.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत अधिक नीट रुजली. तिथे 477 मेगाहर्ट्झवर वेगळा बँड आहे. 40 नंबरवर ट्रकवाले आणि 18 नंबरवर कॅरव्हॅनवाले (गाडीमागे चाकांवरचं घर ओढणारे) असतात. कॅरव्हॅनच्या पाठीवर चॅनेलचा नंबर चिकटवलेला असतो. मागून येणाऱ्या लांबलचक ट्रकच्या ड्रायव्हरला पुढे जायचं असेल तर तो त्या नंबरवर बोलतो, कॅरव्हॅनवाला वेग थोडा कमी करतो आणि ट्रक सुखरूप पुढे जातो. दोन अनोळखी माणसं एकच चॅनेल ऐकत असतात म्हणूनच हे शक्य होतं.

आपल्याकडे तसं समाईक चॅनेल कधी तयारच झालं नाही. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा यांमुळे परवान्याशिवाय वायरलेस सेट बाळगणं गुन्हा होता. साधा गाणी ऐकायचा रेडिओसुद्धा 1980 च्या दशकापर्यंत पोस्टात फी भरून, लायसन घेऊन ठेवावा लागे. खरं तर इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, महूला, 1946 पासून लष्कराच्या सिग्नल दलाचं प्रशिक्षण चालत आलंय, पण ते ज्ञान छावणीबाहेरच्या हमरस्त्यापर्यंत यायला वाटच नव्हती. ट्रकवाल्यांचा रेडिओ म्हणजे क्लीनर: दार उघडून बाहेर झुकणारा, बॉडीवर थाप मारून इशारा देणारा.

2005 मध्ये सीबीचा 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त झाला, पण मर्यादा पाच वॉटची आणि अँटेना सेटमध्येच असण्याची. इथेच गोम आहे. 27 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 11 मीटर, म्हणजे पाव लांबीचा अँटेनाही पावणेतीन मीटर होतो. हातातल्या सेटवर तो मावत नाही. गुंडाळी घालून आखूड केला की बरीच शक्ती वाया जाते. शिवाय तोवर मोबाइल येऊन दहा वर्षं झाली होती, त्यामुळे ट्रकवाल्यांनी सीबीकडे वळून पाहिलं नाही. आज इथे सीबी लावली तर 19 नंबरवर नुसती खरखर ऐकू येईल.

उपयोगाची सूट मिळाली 2018 मध्ये. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमध्ये अर्ध्या वॉटपर्यंतचे सेट परवान्याशिवाय वापरता येऊ लागले. साडेबारा किलोहर्ट्झची एक अशी 16 चॅनेलं त्यात बसतात. इथे पाव लांबीचा अँटेना सतरा सेंटिमीटरच्या आत असतो, त्यामुळे छोटा सेटही चांगला चालतो. खोक्यावरच्या किलोमीटरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडीतून गाडीत एक-दोन किलोमीटर धरा, घाटात मधे डोंगराची सोंड आली की काहीशे मीटर. गाडीचा पत्रा रेडिओलहरी अडवतो. सेट मांडीवर न ठेवता काचेजवळ, उभा धरायचा.

बाजारात पाच वॉटचे, हवी ती फ्रिक्वेन्सी भरता येणारे सेट स्वस्तात मिळतात. ते 446 च्या सवलतीत बसत नाहीत आणि पोलीस किंवा इतर सेवांच्या चॅनेलवर जाऊ शकतात. याच कारणाने 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. घेताना फ्रिक्वेन्सी आणि ईटीए, म्हणजे उपकरणाची सरकारी मान्यता, छापलेली आहे का ते बघा. हॅम रेडिओची, म्हणजे छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या हौशी रेडिओची, ताकद जास्त, पण दोन्ही गाड्यांत परीक्षा देऊन परवाना घेतलेला माणूस लागतो.

अर्ध्या वॉटचं खरं चीज होतं ट्रॉली रिव्हर्स घेताना. ट्रॉली जरा वळली की एका आरशात फक्त तिचा पत्रा दिसतो, दुसऱ्यात रिकामा रस्ता. मागे उभ्या माणसाने डावी-उजवी म्हणू नये. मागची जागा बघायला गाडीकडे पाठ केली की त्याची डावी ती ड्रायव्हरची उजवी. ‘ड्रायव्हर साइड’, ‘क्लीनर साइड’ म्हणावं. स्टिअरिंग कुठे फिरवायचं हेही सांगू नये, कारण रिव्हर्समध्ये स्टिअरिंग एकीकडे आणि ट्रॉली दुसरीकडे जाते. शेपूट कुठे हवी तेवढंच सांगायचं: ‘शेपूट क्लीनर साइडला... सरळ... तीन मीटर... दोन... एक... थांब.’ आवाज तुटला की ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा, हे आधीच ठरलेलं हवं. अनेक सेट बटण फार वेळ दाबून राहिलं तर आपोआप आवाज पाठवणं थांबवतात, म्हणून मधेमधे बटण सोडायचं.

बहुतेक तक्रारी क्षुल्लक कारणांच्या असतात. बटण दाबल्याबरोबर बोललं की पहिला शब्द कापला जातो आणि ‘नको थांबू’चं ‘थांबू’ होतं. अर्धा सेकंद थांबून बोलावं. दिवा लागतो पण आवाज येत नाही, तेव्हा बहुधा दोन सेटवरचा सब-कोड, म्हणजे चॅनेलसोबत निवडायचा जोडनंबर, वेगळा असतो. या कोडमुळे बोलणं गुप्त राहत नाही, फक्त दुसऱ्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. सीटच्या फटीत बटण दबून राहिलं तर सगळ्यांचंच चॅनेल अडतं. मे महिन्यात सेट डॅशबोर्डवर उन्हात ठेवला तर बॅटरी फुगू शकते.

चालत्या गाडीत सेट शेजारच्याच्या हातात हवा. ट्रॉलीवाली गाडी पुढे, दुसरी मागे. लेन बदलायची तर मागचीने आधी बदलायची, जागा धरायची आणि मग ‘ये’ म्हणायचं. उतारावर मागच्याने ट्रॉलीची चाकं, ताडपत्री आणि ब्रेकचे दिवे बघत राहायचं. शेपूट डोलू लागली की ‘ट्रॉली डोलतेय, पाय काढ’ एवढंच सांगायचं. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं.