पाकिटावर मळ्याचं नाव कसं आलं : कौटुंबिक कॉफी मळ्यांची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या आणि वाशी-नेरुळच्या दुकानांत आता एकाच कुटुंबाच्या मळ्याचं नाव छापलेली कॉफी सहज मिळते. कॉफीची जात, मळ्याची उंची, भाजल्याची तारीख असं सगळं पाकिटावर असतं. बहुतेकदा ‘सावलीत वाढवलेली’ आणि ‘कामगारांची काळजी घेणारा मळा’ हेही लिहिलेलं असतं. साधारण पस्तीस वर्षांपूर्वी मात्र मळेवाल्याने आपली कॉफी थेट ठाणेकराला विकणं कायद्यातच बसत नव्हतं.

सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून कॉफीच्या सात बिया आणून कर्नाटकातल्या चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. व्यापारी मळे एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या काळात उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटली, भाव कोसळले आणि १९४२चा कॉफी कायदा आला. घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकीचा सगळा माल सरकारी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात, म्हणजे ‘पूल’मध्ये, द्यायचा. बोर्ड प्रतवारी करून लिलाव करणार आणि मळेवाल्याला हप्त्याहप्त्याने पैसे मिळणार. या व्यवस्थेने छोट्या मळेवाल्यांना दलालांपासून वाचवलं, हे मान्य करायलाच हवं. पण एका प्रतीचा सगळा माल एकत्र होत असल्यामुळे कुणी मेहनतीने फक्त पिकलेली लाल फळं खुडली, तरी त्याचं नाव त्या ढिगात हरवून जायचं.

१९८९मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची, प्रत्येक देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारी कोटा पद्धत मोडली. पुढे दोनच वर्षांत भारतीय कॉफीचं मोठं गिऱ्हाईक असलेला सोव्हिएत संघही उरला नाही. १९९२मध्ये मळेवाल्यांना ३० टक्के माल देशात स्वतः विकायची मुभा मिळाली आणि १९९६पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळा माल मोकळा झाला. मग २००१च्या सुमारास जगभर भाव इतके पडले की नुसती कच्ची कॉफी विकून घर चालेना. कुणी मिरी वाढवली, कुणी होमस्टे काढला, कुणी स्वतःच भाजून दळायला सुरुवात केली. आजचं मळ्याचं पाकीट त्या पडत्या काळातून आलं आहे. देशातले ९५ टक्क्यांहून जास्त कॉफी मळे १० हेक्टरांच्या आतले आहेत. त्यामुळे ‘कौटुंबिक मळा’ हा अपवाद नाही, तीच सर्वसाधारण स्थिती आहे.

सावलीचं मूळ मात्र याहून जुनं आहे. भारतीय मळ्यात सावली टिकली ती आधी कीड आणि उन्हापासून झाडं वाचवायला. १८६९च्या सुमारास श्रीलंकेत कॉफीवर तांबेरा हा बुरशीचा रोग आला आणि तिथले मळे हळूहळू चहाकडे वळले. भारतातही तो लगेच पोहोचला. पानाखाली नारिंगी भुकटी दिसते, पान गळतं आणि पुढच्या वर्षीचं पीक बुडतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे ०.५ टक्क्याचं बोर्डो मिश्रण : १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), १ किलो चुना आणि २०० लिटर पाणी. फवारणी पावसाळ्याआधी पानांच्या खालच्या बाजूने करावी लागते. पाऊस सुरू झाल्यावर केली तर धुऊन जाते. वर्षानुवर्षं फवारत राहिलं की तांबं जमिनीत साठतं. म्हणून कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती निवडल्या गेल्या. त्यांतली १९४०च्या दशकातली एस-७९५ आजही लावतात.

अरेबिका या कॉफीच्या जातीचा खरा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. याचा भुंगा एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाहेर पडतो. ऊन लागणारं खोड निवडून सालीच्या फटीत तो अंडी घालतो. अळी खोड पोखरत महिनोन्‌महिने आत राहते. बाहेरून फक्त सालीवर उंचवटे आणि पिवळी पानं दिसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. असं झाड मुळासकट उपटून जाळावं लागतं. भुंगे उडायच्या आधी काथ्याच्या हातमोज्याने खोडाची सैल साल घासून काढतात, म्हणजे अंड्यांना जागाच उरत नाही. वरची सावली चुकीच्या वेळी किंवा प्रमाणाबाहेर छाटली की पुढच्या हंगामात खोडकिडा ठरलेलाच.

चांगल्या मळ्यात सावली दोन थरांची असते. खाली पांगारा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ठाण्यात लालभडक फुलतो, त्याच जातकुळीतला. वर फणस, उंबर, शिसवी अशी मोठी झाडं. गेल्या काही दशकांत त्यांच्या जागी सिल्व्हर ओक आला. तो लवकर वाढतो, सरळ असल्याने मिरीचा वेल चांगला चढतो आणि तोडायला परवानगीची कटकट नाही. वाशीच्या मसाला मार्केटात कर्नाटकातून येणारी बरीचशी काळी मिरी अशाच झाडांवरची. पण नुसत्या सिल्व्हर ओकखाली पक्षी आणि कीटकांची विविधता घटते. म्हणून ‘सावलीतली कॉफी’ एवढ्यावर थांबू नये, सावली कोणत्या झाडांची हे विचारावं.

पाण्याकडे फार उशिरा लक्ष गेलं. अरेबिकाची फळं खुडली त्याच दिवशी साल काढून बिया साधारण २४ ते ३६ तास आंबवतात, मग धुतात आणि ओलावा १०-११ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवतात. आंबवणं लांबलं तर चवीत आंबूस घाण येते. वाळवताना थर जाड झाला तर बुरशी धरते. धुतलेलं पाणी आंबट आणि साखरयुक्त असतं. तसंच ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. जबाबदार मळा ते खड्ड्यात अडवतो, चुना घालून आम्लता मारतो, आणि फळांच्या सालीचं खत करतो.

कामगारांसाठी १९५१चा मळे कामगार कायदा आला. घर, दवाखाना, पाळणाघर या जबाबदाऱ्या त्याने मालकावर टाकल्या. पण नंतरच्या दुरुस्तीनेही त्याची मर्यादा ५ हेक्टर आणि १५ कामगार अशी राहिली, म्हणजे बहुतेक छोटे मळे तिच्या बाहेरच. तिथे पक्की घरं, मुलांची शाळा, बिगरहंगामातलं काम हे सगळं त्या कुटुंबाच्या मनावर अवलंबून राहिलं. तेव्हा छोटा मळा समाजाबद्दल बोलत असेल, तर खुडणीचा दर आणि वर्षातले कामाचे दिवस विचारणं रास्त आहे.

किंमत महाग वाटते तेव्हा हिशेब असा : सुमारे ६ किलो पिकलेल्या फळांतून १ किलो कच्ची कॉफी मिळते आणि भाजताना त्यातलं १५ ते २० टक्के वजन उडतं. पाव किलोच्या पाकिटामागे जवळपास पावणेदोन ते दोन किलो फळं हाताने खुडलेली असतात. त्यात चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) असेल तर तिचं प्रमाण पाकिटावर छापणं बंधनकारक आहे आणि कॉफी किमान ५१ टक्के हवीच. अरेबिकाची खुडणी नोव्हेंबर ते जानेवारी चालते. वाळवून, टरफल काढून, प्रतवारी होऊन नवा माल ठाण्यापर्यंत यायला उन्हाळा उजाडतो. जानेवारीत कुणी ‘यंदाचं पीक’ म्हणून अरेबिका दिली, तर खुडणीचा महिना विचारा. पावसाळ्यात दळलेली कॉफी पंधरा दिवसांना पुरेल एवढीच घ्या, कारण आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पाकिटातल्या कॉफीचा सुगंध लवकर उडतो.