जलशुद्धीकरण केंद्रातली क्लोरीन सुरक्षा

धरणा-नदीचं पाणी निर्जंतुक करायला आणलेला क्लोरीन साठवताना, जोडताना आणि पाण्यात सोडताना बाहेर येऊ नये, आणि आलाच तर कोणी काय करायचं, ही सगळी व्यवस्था म्हणजे क्लोरीन सुरक्षा. आपल्याकडे गावपातळीवर टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) आणि ओटी टेस्टवर (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून बघायची चाचणी) भागतं, पण शहरांच्या मोठ्या फिल्टर प्लांटवर अजूनही बऱ्याच ठिकाणी ९०० किलो द्रव क्लोरीनचा टोनर (मोठी पोलादी टाकी) असतो, छोट्या ठिकाणी १०० किलोचा सिलिंडर. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, आणि एवढ्याशासाठी प्लांटवर टनावारी माल ठेवावा लागतो.

हिशोब सोपा आहे. लिटरला १ मिलिग्रॅम डोस म्हणजे दहा लाख लिटरला १ किलो, म्हणजे १०० एमएलडीच्या (रोज १०० दशलक्ष लिटर) केंद्रात २ मिलिग्रॅम डोस धरला तर रोज २०० किलो, टोनर साडेचार दिवसांत खलास. म्हणजे वर्षभरात ऐंशीएक वेळा कुणीतरी स्पॅनर घेऊन भरलेला टोनर जोडणार, आणि खरा धोका इथेच असतो, नुसत्या पडून असलेल्या चांगल्या टोनरला सहसा काही होत नाही.

टोनर आडवा ठेवतात, त्याच्या एका टोकाला दोन वॉल्व्ह. ते एकावर एक, उभ्या रेषेत आणायचे, मग वरच्यातून वायू येतो आणि खालच्यातून द्रव. जोडताना शिशाचं वॉशर दरवेळी नवीन टाकायचं (जुनंच परत लावणारे महाभाग सगळीकडे भेटतात आणि निम्म्या बारीक गळत्या तिथूनच सुरू होतात असं माझं मत), ग्रीस-तेल अजिबात लावायचं नाही, वॉल्व्ह हळूच थोडा उघडून लगेच बंद करायचा आणि अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा सांध्याजवळ फिरवायचा. पांढरा धूर दिसला की गळतंय. एका टोनरमधून २१ अंशाच्या आसपास दिवसाला साधारण १८० किलोच वायू निघतो, त्याहून जास्त ओढला की टोनरवर बर्फ धरतो आणि दाब पडतो, म्हणून वरच्या उदाहरणात दोन टोनर एकदम लाइनवर लागतात. बर्फ धरला म्हणून गरम पाणी ओतणं किंवा खाली शेगडी ठेवणं हा आत्मघात, कारण टोनरचे फ्यूजिबल प्लग (उष्णतेने वितळणारी सुरक्षा बुचं) ७० ते ७४ अंशाला वितळतात आणि मग आतला माल थांबवायला काहीच उरत नाही.

क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरतो, पायऱ्या उतरून तळघरात, गटारात शिरतो. म्हणून क्लोरीन रूमचा एग्झॉस्ट फॅन खाली हवा, स्विच दाराबाहेर, दार बाहेर उघडणारं. वास १ पीपीएमच्याही (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आत येतो, पण नाक सरावतं, म्हणून नाकावर विसंबायचं नाही, डिटेक्टर पाहिजेच. १० पीपीएमला जिवाला तातडीचा धोका मानतात. मोठ्या गळतीत डबीचा मास्क चालत नाही, पाठीवरचा हवेचा सिलिंडरवाला सेटच लागतो, आणि तो क्लोरीन रूमच्या आतल्या कपाटात कुलूपबंद असेल तर नसल्यातच जमा.

गळती झाली की वाऱ्याच्या आडव्या दिशेने, चढाकडे पळायचं, त्यासाठी प्लांटवर वाऱ्याची पिशवी हवी. सेट घातलेल्या दोघांनी टोनर फिरवून गळकी जागा वर आणायची, कारण द्रव गळला तर त्याचा साधारण साडेचारशेपट वायू होतो, वर आणला की निदान वायूच गळतो. मग किट-बी, म्हणजे टोनरची गळती बंद करायचा साहित्यसंच, लावायचं. गळतीवर पाणी मारायचं नाही हे फायर ब्रिगेडच्या नव्या पोरांनाही सांगून ठेवावं लागतं, पाण्यात क्लोरीनचं ॲसिड होतं आणि तेच भोक मोठं करतं. त्याऐवजी गळलेला क्लोरीन शोषून घ्यायला कॉस्टिकचा स्क्रबर किंवा चुन्याचा खड्डा. ज्याच्या छातीत गेलाय त्याला मोकळ्या हवेत न्यायचं आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवायचंच, फुफ्फुसात पाणी भरायला कधी कधी काही तास लागतात.

कागदपत्रांचं सांगायचं तर परवान्याचं बघणारी पेसो ही संस्था नागपूरची, टोनरची दाबचाचणी दर दोन वर्षांनी. साठा १० टनांवर गेला की १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियमही लागतात, म्हणजे अकरा भरलेले टोनर चालतात, बारावा आला की गेलं.

विसरलेले टोनर हा मात्र वेगळाच प्रकार. वापर बंद झाला, त्याजागी हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) आला, कोपऱ्यात दोन जुने सिलिंडर पडून राहिले, त्यांचा वॉल्व्ह गंजतो आणि ते कोणाच्याच रजिस्टरमध्ये नसतात. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीला बंदराच्या यार्डात वर्षानुवर्षं पडून असलेल्या अशाच बेवारस सिलिंडरांतून क्लोरीन गळला आणि शंभराच्या आसपास लोक बाधित झाले.

आता बरीच केंद्रं सोडियम हायपोक्लोराइटकडे किंवा मिठापासून जागेवरच हायपो बनवण्याकडे वळतायत. टोनरपेक्षा हे नक्कीच बरं, पण उन्हाळ्यात हायपोची ताकद उतरते, आणि हायपोच्या टाकीत चुकून तुरटीचं द्रावण किंवा पॅक (पाणी निवळायचं पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) ओतलं तर तिथल्या तिथे क्लोरीन वायू सुटतो. म्हणून दोन्ही टाक्यांचे नळ वेगवेगळ्या मापाचे ठेवतात आणि ऑपरेटर मालाचं चलान वाचून कुलूप काढेपर्यंत टँकरवाल्याला पाइप जोडू देत नाहीत.